नाव न घेता घातलेलं गाऱ्हाणं

"ढगात नांगर टाकल्यान? मेल्याक अक्कल आसा?" सुपातल्या सुक्या जवळ्यातले खडे वेचता वेचता आनंदी कडाडली. "नांगर रुतूक खाली रेव होयी. ढगात काय रुततला, तेंचो बापूस?"

"आजये, जादूची होडी आसा ती," पुस्तकातून मान वर न काढता तन्वी म्हणाली.

"जादूची जाली म्हणान काय जाला? वाच फुडे."

आनंदीची शाळा दुसरीत सुटली आणि अक्षरं त्याच वर्षी विसरली. त्याचं तिला कधी काही वाटलं नाही. बाजारात तिच्या टोपलीतल्या सुरमईला बोट लावून "ताजी आसा मा?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती. घरात सुना तिच्या सावलीवर पाय पडू देत नसत. पण सुट्टीत नातीने त्या दोन चोरांचं पुस्तक वाचून दाखवलं आणि म्हातारीला चटक लागली. पाकोळी नावाची चोरटी पोर आणि तिचा ढेरपोट्या सोबती भोपळ्या. कासवाच्या पाठीवर वसलेल्या शहरात त्यांनी राजाचा शंख पळवला, तिथे पहिला भाग संपला. "अर्ध्यार सोडल्यान! लिवणाऱ्याच्या हाताक लकवो मारूंदे!" म्हणून आनंदी दोन जेवणं धुसफुसत होती. आता कुठूनसा दुसरा भाग आला होता. जेवणं आटोपली की ती स्वतःच पडवीत सूप घेऊन बसायची आणि वर म्हणायची, "चेडवाचा वाचप सुदारता म्हणान आयकतंय. माका काय चोरांची गजाल?"

तन्वी वाचू लागली. चोरांच्या टोळीचा दिवा नाहीसा झाला होता. त्या दिव्यावर भरती-ओहोटी चालायची. दिव्याच्या खोलीत शेवटी गेली होती ती पाकोळी. सगळी टोळी तिच्यावर उठली. सरदाराने भोपळ्याला विचारलं, तू बघितलंस? भोपळ्या म्हणाला, नाही बघितलं. पण तिने घेतला नाही.

आनंदीचे हात सुपात थांबले.

"बघूक नाय, मगे सांगता कसो? पुरावो खंय आसा तेच्याकडे?"

"पुरावो नाय गो. दोस्त मा तो तिचो."

"दोस्त! भोपळ्या मूर्ख आसा, सांगान ठेवतंय. उद्या ती तेचोच गळो कापतली."

"मूर्ख न्हय तो," दोन घरांमधल्या दगडी गडग्याच्या पलीकडून आवाज आला. "तेका दोस्ती कळता. काय लोकांक सात जल्मात कळाची नाय."

हिराचा आवाज. कित्येक वर्षांत या पडवीच्या दिशेने न आलेला.

तन्वीने पुस्तक झटकन मिटलं. आनंदीने एकदा गडग्याकडे पाहिलं, एकदा पुस्तकाकडे.

"पुस्तक कोणाचा गो ह्या?"

"अपेक्षाचा," तन्वी पुटपुटली. अपेक्षा म्हणजे हिराची नात. "ती आपल्या आजयेक वाचून दाखवता. मगे माका देता."

"तेंच्या घरचा पाणी आपण घेवक नाय, आणि तू पुस्तक घेवन इलंस?"

एके काळी या दोघींच्या टोपल्या शेजारी शेजारी लागत. आनंदी तापाने फणफणली तेव्हा हिराने तिची टोपली आधी विकली आणि स्वतःचे बांगडे मऊ पडेपर्यंत थांबली. मग आनंदीच्या धाकट्याचं लग्न आलं. गडबडीत सोन्याच्या कुड्या नाहीशा झाल्या. त्या खोलीत शेवटी होती ती हिरा. आनंदीने भांडण केलं नाही, पोलिसात गेली नाही. ती ग्रामदेवतेपुढे गेली आणि गाऱ्हाणं घातलं. ज्याने माझ्या कुड्या नेल्या, त्याला देवाने बघून घ्यावं. नाव घेतलं नाही. नाव घ्यायची गरजच नव्हती. देवळातून बाहेर पडेपर्यंत अख्ख्या गावाच्या माना हिराच्या घराकडे वळल्या होत्या. बाजारात तिच्यासमोर बायका पैशाची पिशवी कमरेला घट्ट खोचू लागल्या.

"आयकतंस काय गो?" हिरा गडग्याला टेकून उभी राहिली होती. गुडघे धरलेले, पण आवाजाला धार होती. "माजो झील नितेश आज माका घेवन जाता. म्हापशाक. घर बंद करतव. तुजा गाऱ्हाणा हयसरच ठेवन जातंय. सांभाळ, देवाफुड्यात पिकलेला आसतला आता."

"तुजा नाव मी घेवक नाय."

"थयच तर मारलंस माका! नाव घेतलं असतंस, तर देवाफुड्यात उबी रवान सांगलंय असतंय, म्हाराजा, मी न्हय. नाव नसलेल्याक उत्तर कोण देतला? मी उबी रवलंय असतंय, तर लोक म्हणाले असते, आमी खंय तुका म्हटला? हिकाच कशी झोंबली?"

असं आनंदीला आयुष्यात कुणी सुनावलं नव्हतं. म्हणून ती अधिकच भडकली. "जा गो जा! म्हापशाक जा नायतर दर्यात जा! माज्या गडग्याक टेकान रवा नको, चिरो सुटतलो!"

हिरा गेली. आनंदीने सूप उचललं आणि पुन्हा आपटून ठेवलं. जवळा पडवीभर उडाला.

"आजये, वाचू काय फुडे?"

"तेका ठावक नसताना म्हणालो, तिना घेवक नाय?"

"होय."

"आणि मगे दिवो गावलो?"

"अजून गावूक नाय."

आनंदी उठली. धुतलेलं लुगडं नेसली आणि कोनाड्यातला नारळ घेतला.

देवळात धुपारतीला जमलेले लोक तिला पाहून सरकले. गाव सोडणाऱ्याने देवाला सांगून जायचं म्हणून हिराही आली होती, खांबाला टेकून. मुलगा नितेश बाहेर गाडीपाशी होता. आनंदीने नारळ गावातर्फे गाऱ्हाणं घालणाऱ्या रामचंद्र गावकारापुढे आदळला.

"गाऱ्हाणा घाल. कुड्यांचा गाऱ्हाणा मागे घेतंय म्हणान."

"कुड्यो गावल्यो?"

"नाय गावल्यो."

"मगे चोर गावलो?"

"तुका गाऱ्हाणा घालूक बोलावलंय काय फौजदारकी करूक? नाव घेवन घाल. हिरा. हिरान घेवक नाय. मोठ्यान म्हण, तुजो आवाज देवाक आयकाक येवक होयो, तुज्या मिशांक न्हय."

कुणीतरी हसलं आणि तिने वळून पाहताच गप्प झालं. रामचंद्राने नारळ दोन्ही हातांत घेतला. हिराचं नाव पहिल्यांदा त्या देवळात मोठ्याने उच्चारलं गेलं.

"...ता गाऱ्हाणा हिना आज उचलल्यान. हिराच्या माथ्यार काय ठेवू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

हिरा म्हणाली नाही. नारळ फुटला, तुकडे वाटले गेले. तिने आपला तुकडा घेतला, पदराच्या टोकाला बांधला आणि आनंदीकडे न पाहता बाहेर पडली.

देवळाच्या पायऱ्या उंच होत्या. हिरा वरच्या पायरीवर थबकली आणि गुडघ्यावर हात ठेवून खाली पाहत राहिली. आनंदी मागून आली. हात पुढे केला नाही. नुसती तिच्या शेजारून एक पायरी खाली उतरून उभी राहिली, पाठ करून.

"चार माणसा वाट बघतत मागे," ती समोर बघत खेकसली. "उतर."

खांद्यावर हात पडला. जड, खरखरीत, टोपल्या उचलून उचलून वाकडा झालेला. दोघी एकेक पायरी खाली उतरल्या. शेवटची पायरी संपली तसा हिराने हात काढून घेतला आणि गाडीकडे गेली. दार लागलं.

गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तरी आनंदीचा तो खांदा तसाच खाली कललेला होता.