खारं पाणी अडवणारी उघाडी

मित्रांनो, पनवेलच्या खाडीकाठी, मातीच्या बांधात बसवलेलं मी एक जुनं लाकडी दार आहे. मला उघाडी म्हणतात. भरतीच्या पाण्याने बाहेरून रेटलं की मी मिटते. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडते. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मधे मी. माझं काम चुकलं की शेत मेलं.

या शेताचा मालक बुधाजी, त्याने मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. तो होता तोवर उन्हाळ्यात अख्खं गाव बांधावर उतरायचं. खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवायचं, माझी फळी न् फळी ठोकून बघायचं. तेव्हा माझा रुबाब होता!

मग जमिनी सरकारी प्रोजेक्टात जाणार अशी बातमी आली आणि गावाचे हातपाय गळाले. बुधाजीचा मुलगा काशिराम तर करंजाड्याच्या चहाच्या टपरीवरच मुक्कामाला गेला. माझी खालची फळी सडली. त्याची आई गोदूबाई रोज ओरडायची, "काशा, उघाडी बघ रं!"

"आये, जमीन जानारच हाय. कशाला चिखलात मरायचं? बघू अमावश्या झाल्यावर."

जमीन कुठेच गेली नव्हती. गेला होता तो काशिराम.

यंदा त्याची बायको शशिकला हट्टाला पेटली. घरचाच तांदूळ खायचा म्हणून तिने एकटीने भात लावला. आणि अमावास्येच्या उधाणाला खारं पाणी माझ्या भोकातून आत घुसलं. शेताचा खालचा तुकडा मिठाने जळाला. वरचा तेवढा उरला.

काशिराम आला आणि त्याने मला लाथ घातली. "सडकी मेली!"

मला संताप आला. मी काय हौसेने सडले?

"तिला कशाला मारतोस? ती बोलत नाय म्हनून?" गोदूबाई कडाडली.

"पंचायतीत सांगतो. मानूस येईल, बघंल."

"त्याच्या आधी पुनवेचं उधाण येईल," शशिकला म्हणाली. ती तडक घरी गेली, पहारीने नवऱ्याच्या पलंगाची सागवानी फळी उचकटली आणि ती घेऊन बांधावर आली, मागोमाग आळीतली माणसंही.

"अगो, मी निजू कुठं?"

"निजा की बांधावर. वारा बेस हाय."

अख्खी आळी हसली. काशिराम हसला नाही. मग त्याने तिच्या हातातून फळी घेतली.

ओहोटीला तो मांडीभर चिखलात उतरला. पहिला खिळा वाकला, दुसरा ठोकताना अंगठा ठेचला. शिव्या देत देत त्याने सडकी फळी काढली, नवी ठोकली, फटी लिंपल्या. शशिकला बांधावरची बिळं बुजवत होती.

पुनवेला भर दुपारी पाणी चढत चढत माझ्या माथ्यापर्यंत आलं. मी कुरकुरले, पण हटले नाही. एक ओंजळही आत गेली नाही. वरचा तुकडा हिरवागार राहिला आणि काशिराम पाणी उतरेपर्यंत तिथेच उभा होता.

जमीन उद्या राहील की जाईल, मला ठाऊक नाही. त्यालाही नाही. आज ती त्याची आहे आणि आज तिच्यात भात उभा आहे. मित्रांनो, तुमच्याही बांधात एखादी फळी सडत असेल. प्रोजेक्टाची, पंचायतीची, नशिबाची वाट बघत बसाल तर उधाणाला दोष देऊ नका. ओहोटी आहे तोवर चिखलात उतरा.