‘नादश्री’चे मान्यवर कलावंत

खापेकरबुवांना कोणी पेटीची साथ सुचवली, की ते आधी कानांवर हात ठेवीत आणि मग सुचवणाऱ्याला व्याख्यान देत. पेटीचे स्वर कारखान्यात एकदा ठरले की ठरले. जिवंत गळ्याने त्यांच्यामागे का फरफटत जावे, असा त्यांचा सवाल असे. सवाल रास्त होता. म्हणूनच, तंबोऱ्याच्या जागी विजेवर गुणगुणणारा एक डबा मांडण्यास हाच पुरुष राजी झाला, तेव्हा मला आश्चर्यापेक्षा कुतूहल अधिक वाटले. तत्त्वे घराबाहेर पडताना नेमकी कोणती वाट धरतात, हे पाहण्याची संधी वारंवार मिळत नाही.

ही गोष्ट ब्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. बुवांचे नाव मनोहर, गाव खापा. नागपुरात बस्तान बसवताना त्यांनी गळ्याबरोबर बोलणेही घासूनपुसून घेतले होते. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे सारे त्यांनी कन्हानच्या काठी सोडले आणि प्रताप नगरातल्या आपल्या बैठकीत ते पुस्तकातून उचलल्यासारखे मराठी बोलत. मी आमच्या संगीत मंडळाच्या कार्यक्रमांचे निवेदन करीत असे; त्या नात्याने त्या बैठकीत माझे जाणे-येणे होते.

‘नादश्री’ ही मुंबईची नवी कंपनी. खटका दाबताच तंबोऱ्यासारखा नाद देणारे एक यंत्र ती बनवी. त्यात बॅटरीचे सेल नव्हते, भिंतीतली वीज हाच त्याचा प्राण. प्रत्येक शहरात एक ‘मान्यवर कलावंत’ नेमायचा, त्याला यंत्र भेट द्यायचे, त्याचे छायाचित्र जाहिरातींत आणि दिनदर्शिकेवर छापायचे आणि त्या बदल्यात प्रत्येक मैफलीत त्याने ते यंत्र कंपनीचे नाव श्रोत्यांकडे करून मांडायचे, अशी कंपनीची रीत. बर्डीच्या बाजारात वाद्यांचे दुकान चालवणारे मधुकरराव हे तिचे इथले प्रतिनिधी. कंपनीने आपला मारवा ऐकून आपली निवड केली, अशी बुवांची समजूत होती. ती समजूत मधुकररावांच्या दुसऱ्याच प्रश्नाला टिकायला नको होती.

“बुवा, शिष्य कितीक आहेत तुमचे?”

“आमच्या घराण्याची परंपरा अशी, की—”

“परंपरा मी लिहून घेतो बराबर. शिष्य सांगा.”

“चाळीसेक येतात.”

“अन् घरी तंबोरा किती जनाकडे आहे?”

“चौघा-पाचांकडे असेल.”

“बढिया!” मधुकररावांचा चेहरा फुलला. “म्हणजे बाकी सारे आपले गिऱ्हाईक!”

कंपनीतल्या कोणी बुवांचे गाणे ऐकले आहे काय, असे मी विचारले.

“ऐकाचं काय त्यात, साहेब? पंडित लोक सारेच चांगले गातेत.”

बुवा मनापासून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग अभिप्राय निघाला. तो मुंबईहून छापूनच आला होता; बुवांनी सही तेवढी करायची होती. ‘अनेक वर्षांच्या अनुभवानंतर मी निःसंकोचपणे सांगतो’ असा त्याचा प्रारंभ. ज्या यंत्राने अजून आपली पहिली दिवाळी पाहिली नाही, त्याचा अनेक वर्षांचा अनुभव एखाद्याला कसा असू शकतो, हे मला समजावून सांगा, असे मी म्हणालो.

“तुम्ही शब्दांना फार चिकटता,” बुवा म्हणाले. “भावार्थ घ्या.”

खोट्या वाक्यांना आसरा मिळावा एवढ्यासाठीच भावार्थ हा शब्द कोणी घडवला असावा. सही झाली.

शेवटची अट मधुकररावांनी जाता जाता, चपलेत पाय घालताना सांगितली: मंचावर यंत्र असेल तेव्हा खरा तंबोरा दिसता कामा नये. “एका म्यानात दोन तलवारी, बुवा. लोक म्हनतीन, डबा चांगला आहे तर मग हे लाकूड काहून?”

दाराशी गोपिका उभी होती. तिने हे ऐकले.

गोपिका नंदनवनची, दिवसा महानगरपालिकेच्या शाळेत शिकवी आणि संध्याकाळी बुवांकडे शिके. गवयाच्या मागे तंबोरा घेऊन बसणारा शिष्य केवळ तारा छेडत नसतो. गुरूने मानेने खूण केली की तो दोन स्वर लावतो, पुढे एखादी जागा भरून काढतो, आणि एखाद्या दिवशी गुरू थांबतो व शिष्य गातो. आपल्याकडे गवई असाच जाहीर होतो; दुसरी पद्धत नाही. गोपिकेने त्या जागेवर तारुण्य घातले होते, आणि मंडळाच्या येत्या वार्षिक मैफलीत एक आलाप तिचा एकटीचा, असा शब्द बुवांनी तिला माझ्यादेखत दिला होता.

“मंग मी कुठं बसू, बुवा?” तिने विचारले.

“समोर बस. पहिल्या रांगेत. मानाची जागा आहे ती.”

“मानाची जागा मले मालूम आहे नं. ते तुमच्या मागं आहे.”

बुवा तालमीला बसले. डबा लागला. मारव्याचे पहिले स्वर सुरेख आले. पण तिन्हीसांज होत होती, वस्तीतले कूलर एकामागून एक सुरू होत होते, दिवे पिवळे पडत होते, आणि विजेबरोबर डब्याचा षड्जही हळूहळू खाली सरकत होता. मागून येणाऱ्या सुराशी एकनिष्ठ राहायचे, हे बुवांच्या हाडांत मुरलेले. ते त्याच्याबरोबर उतरत गेले. पेटीमागे फरफटत जायचे नाही म्हणणारा गळा डब्यामागे मुकाट्याने निघाला होता.

“बुवा, डबा उतरला.”

“डबा उतरत नसतो. तुझा कान चढला असेल.”

गोपिकेने कोपऱ्यातला तंबोरा छेडला. त्याचा षड्ज बुवांच्या षड्जाच्या चांगलाच वर निघाला.

यावर प्रामाणिक माणसाने डबा परत केला असता. बुवांनी तोड काढली. मंचावर डबा ठेवायचा, त्याचा तांबडा दिवा लावायचा, आवाज मात्र पूर्ण बंद. आणि गोपिकेने पडद्याआड बसून खरा तंबोरा छेडायचा, तिच्यापुढे एक माइक.

“अन् माझा आलाप?”

“पडद्यामागून कसा येईल आलाप?” बुवा म्हणाले. “लोक विचारतील, डबा गातो की काय?”

मधुकररावांना हे कळवले, तेव्हा ते पोट धरून हसले. ही लबाडी आहे, असे मी म्हणालो. बुवा तिला व्यवस्था म्हणत राहिले. माझा आक्षेप नोंदवला गेला, म्हणजे विसरला गेला.

मैफलीच्या दिवशी सभागृह भरले होते. पहिल्या रांगेत मुंबईहून आलेले कंपनीचे साहेब, त्यांच्या शेजारी मधुकरराव. बुवांच्या मागची जागा मोकळी आणि पुढे, शालीच्या तुकड्यावर, तो डबा, तांबडा डोळा उघडून बसलेला. निवेदन संपवून मी पडद्याआड आलो. गोपिका एका लाकडी स्टुलावर तंबोरा उभा धरून बसली होती. ती मैफलीसाठी नवे पातळ नेसली होती. ते पाहायला तिथे मी आणि एक झाडू, एवढेच होतो.

बुवांनी मारवा छान मांडला. ते खरोखरच चांगले गात, हे मला सांगितलेच पाहिजे. त्यांच्याबद्दलचा माझा राग त्यामुळेच अधिक होता. तबला अजून यायचा होता, आलाप चालू होता, आणि वीज गेली.

दिवे गेले, माइक गेले, डब्याचा तांबडा डोळाही कोणाच्या लक्षात न येता मिटला, पंखे आणि कूलर थांबले. सभागृहात एकदम अशी शांतता पसरली, की पडद्याआडचा तंबोरा माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ लागला. बुवा गातच राहिले. काळोखात कोणीतरी मोठ्याने म्हणाले, “वा! लाइट गेली, तरी डबा चालूच!”

डबा भिंतीतल्या विजेवर चालतो, हे मधुकररावांइतके कोणाला ठाऊक होते? पण धंद्याची अशी घडी दवडणारा माणूस बर्डीवर दुकान टाकत नाही. ते अंधारात उभे राहिल्याचे त्यांच्या आवाजावरून कळले.

“पाहा मंडळी! वीज गेली, पन सूर नाही गेला! कंपनीचा माल आहे हा, कंपनीचा!”

टाळ्या कडाडल्या. डब्यासाठी असा गजर मी त्यापूर्वी ऐकला नव्हता आणि गवयासाठीही क्वचितच ऐकला होता. टाळ्या चालू असतानाच माझ्या शेजारी तंबोरा थांबला. गोपिकेने तारांवर तळहात सपाट ठेवला होता.

टाळ्या विरल्या आणि गाण्याखाली काहीच उरले नाही. बुवांचा आवाज क्षणभर अधांतरी तरंगला, डगमगला, तुटला. आणि मग इतकी वर्षे घासूनपुसून ठेवलेल्या त्या गळ्यातून खापा बोलले.

“काहून थांबली वं, गोपिका? वाजव नं!”

“लाइट गेली नं, बुवा!” पडद्याआडून उत्तर गेले.

हशा आधी मागच्या रांगांत फुटला आणि पुढे येईपर्यंत त्याचा गडगडाट झाला. पहिल्या रांगेत कंपनीचे साहेब मधुकररावांना पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत असल्याचे मला पडद्याआड ऐकू येत होते. मधुकररावांना ऐकू येत नसावे.

कोणीतरी गॅसबत्ती पेटवून आणली. ती ठेवायला मंचावर सपाट असे काही नव्हते. आणणाऱ्याने सरळ ती डब्यावर ठेवली. त्या उजेडात गोपिका तंबोरा घेऊन पडद्याबाहेर आली आणि बुवांच्या मागे, आपल्या जागेवर बसली. बुवांनी मागे वळून पाहिले नाही. ती तारा लावू लागली. खुंटी पिळायची, ऐकायचे, पुन्हा पिळायची. घाई कसली ती नव्हतीच. सभागृह थांबले होते, साहेब थांबले होते, आणि ‘नादश्री’चे मान्यवर कलावंत मान खाली घालून थांबले होते.

तंबोरा लागला. बुवांनी तोंड उघडले, पुन्हा मिटले आणि मानेने मागे खूण केली.

गोपिकेने षड्ज लावला.