चंद्रा कुठं गेली

लासुर्ण्याची करिमा कपडे शिवायची आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की लिहीत बसायची. सहा वर्षांनी तिची पहिली कादंबरी छापून आली, तेव्हा कळंबच्या वाचनालयानं तिला बोलावलं. सोबतीला चार कादंबऱ्या लिहिलेले निवृत्त मास्तर हिंदुराव होते. समोर सतरंजीवर तीसेक माणसं.

हिंदुरावांनी विचारलं, "करिमाताई, तुमची चंद्रा सासर सोडून इंदापूरच्या एसटीत बसते आणि पुस्तक संपतं. ती कुठं गेली, ते का नाही लिहिलंत?"

"मला ठाऊकच नाही, सर. याच गावची एक सून अशी निघून गेली, एवढंच दुकानात बायकांच्या तोंडून ऐकलेलं. नवरा मारायचा म्हणे. पुढचं रचायला हात धजला नाही."

"मी तिला विहिरीत ढकललं असतं," हिंदुराव सावकाश म्हणाले. "माझ्या चारही कादंबऱ्यांत बाया मरतात. सोपं पडतं."

तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या ठमाबाई बोलल्या, "नवरा मारत नव्हता तिला. माझा दीरच की त्यो. गरीब गाय."

करिमा चपापली. "मग मावशी, ती गेली का?"

"नर्स व्हायचं हुतं शेवंताला. सासऱ्यानं फॉर्म चुलीत घातला. दुसऱ्या दिशी ही गेली. आता बारामतीत असती. माझ्या नातीनं फोनवर तुझं पुस्तक वाचून दावलं तिला. तिनंच मला धाडलंय. म्हणली, नवऱ्याचं वंगाळ कुणी सांगितलं, ते इचार."

करिमाला लाज वाटली. पण त्याहून मोठी होती ती उत्सुकता. तिनं तिथंच पत्ता लिहून घेतला आणि रविवारी बारामती गाठली.

दार उघडलं ते चष्मा लावलेल्या एका उंच बाईनं. करिमानं आधी माफी मागितली.

"ते पुढच्या छपाईत दुरुस्त कर," शेवंताबाई चहा ओतत म्हणाल्या. "पण चंद्रा एसटीत रडली, असं का लिहिलंस?"

"तुम्ही रडला नाहीत?"

"भूक लागली होती मला. इंदापूरला उतरून दोन प्लेट भजी खाल्ली."

करिमा हसली आणि वही काढली. "आणि तुमचे मालक?"

"मी मैत्रिणीकडं उतरले होते. चौथ्या दिवशी तिथं आला, पत्ता काढत. मला वाटलं, न्यायला आला. त्यानं पिशवीतनं माझी शाळेची सर्टिफिकेटं काढली आणि म्हणाला, हे घरी राहिलं होतं."

करिमाचा पेन थांबला. "मग?"

"मग काय, लिही," शेवंताबाई म्हणाल्या. "सांगते."