पुढे चालणारी पाठ

विषय पहिला : जिना

वेस्ट मांबलमच्या त्या इमारतीला लिफ्ट आहे. तरी अंबुजाबाई जिन्यानंच उतरतात. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी क्षणभर थांबतात, मग पाऊल टाकतात. शेजारपाजारच्यांना वाटतं, गुडघे. वयही तसंच, त्र्याहत्तर.

गुडघे ठणठणीत आहेत. त्या ऐकायला थांबतात.

एके काळी त्या या तमिळ शहराच्या महापौर होत्या. लाल झगा, गळ्यात वजनदार साखळी आणि पुढे दफेदार. हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन तो चार पावलं पुढे चालायचा, 'श्श्श' करायचा, की व्हरांड्यातली कुजबुज विझून जायची. रिवाज असा, की दफेदारानं मागे वळून पाहायचं नाही.

पहिल्याच दिवशी झगा पायात आला. "अगे आई," त्या पुटपुटल्या. आणि पुढची पाठ, न वळता, हलकेच बोलली :

"पायरी आहे कीं अक्का. झगा उचला."

तंजावरची मराठी! अंबुजाबाईंच्या घरातलीच, कावेरीच्या पाण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेली, घराबाहेर कुणी बोलत नाही अशी. दफेदाराचं नाव मानाजीराव निघालं.

मग ती पाठ रोज बोलू लागली. "डावीकडला फार हसतो आहे, त्याला कांही पाहिजे." "कॉफी पिऊं नका, सकाळची आहे." "हे भाषण लांबणार. मी उभ्याउभ्या झोपतों, तुम्ही बसून झोपा." अंबुजाबाई चेहरा सरळ ठेवून पोटात हसायच्या. अडीच वर्षं.

विषय दुसरा : इतिवृत्तातला एक परिच्छेद

तहकूब.

विषय तिसरा : फोन

"अम्मा, मी हेमावती. मानाजीरावांची मुलगी. अप्पांना ऐंशी पुरी झाली. रविवारी श्रीपेरुंबुदूरला छोटासा सोहळा आहे. तुम्ही याल?"

"त्यांनी बोलवायला सांगितलं?"



"त्यांना विचारलंच नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते."

अंबुजाबाईंनी कपाटातून साडी काढली. परत ठेवली. दुसरी काढली. नवरा गेला, नणंद गेली. मुलगा तमिळमध्ये रागावतो आणि इंग्रजीत समजूत काढतो. कधीकधी त्या स्वयंपाकघरात एकट्याच म्हणतात, "मीठ कमी पडलं कीं." भिंतीला. शेवटचं 'कीं' तसंच लोंबकळत राहतं.

विषय दुसरा, पुन्हा

गाडी नात संयुक्ता चालवत होती. पुढे कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग, मागच्या काचांतून झोपलेली डोकी.

"पाट्टी, ते तुमचे इतके जवळचे, मग इतकी वर्षं भेटला का नाहीत?" संयुक्तानं आजीला तमिळमध्ये विचारलं.

तहकुबी संपली.

इतिवृत्तात इतकंच आहे : 'एका सदस्यानं विचारलं, दफेदार महापौरांच्या कानाशी कोणत्या भाषेत काय सांगतो? हे शहर कोण चालवतं? महापौरांनी खुलासा केला.'

खुलासा असा होता. सभागृह ओरडत होतं. अंबुजाबाई उठल्या आणि स्वच्छ तमिळमध्ये म्हणाल्या, "तो काय पुटपुटतो, मला माहीत नाही. मला ती भाषा समजत नाही."

मानाजीराव खुर्चीच्या मागे उभे होते. त्यांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते अंबुजाबाईंना दिसलं नाही. इतिवृत्तातही नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाठ गप्प झाली. 'श्श्श' तेवढं राहिलं. आणि पायरी आली, की काठीचा एक ठोका. टक्. उरलेली अडीच वर्षं एकही पायरी ठोक्याशिवाय गेली नाही, आणि एकही शब्द आला नाही. ते निवृत्त झाले तेव्हा बाईंनी कारकुनाच्या हाती शाल पाठवली. स्वतः जायला हवं होतं.

"एवढंच?" संयुक्ता म्हणाली. "मग आज सॉरी म्हणा."

"कोणत्या भाषेत?" अंबुजाबाई म्हणाल्या, आणि काच खाली केली.

विषय चौथा : चेहरा

ऐंशीच्या सोहळ्यातलं कलशाचं पाणी डोक्यावर ओतून झालं होतं. पुढच्या खुर्च्यांवर दोन म्हातारे, दोघांच्या खांद्यावर सारखीच जरीकाठी उपरणी. अंबुजाबाई सरळ पुढे गेल्या, पहिल्याला वाकून नमस्कार केला. घशात धरून आणलेलं वाक्य सुटणार, एवढ्यात म्हातारा खदखदून हसला.

"मेयर अम्मा, मी जनकोजी! धाकटा भाऊ. तुमचा माणूस तो. पांच वर्षं रोज पाहिलं आणि ओळख नाही?"

सगळा हॉल हसला.

"मी यांची पाठच पाहिली होती," अंबुजाबाई म्हणाल्या.

दुसरा म्हातारा हसला नाही. रुंद कपाळ, जाड भुवया, हनुवटीवर जुना व्रण. हा चेहरा होय! त्यानं हात जोडले.

"वांग, अम्मा. उक्कारुंग."

या, बसा. तमिळमध्ये. पाहुण्याला म्हणतात तसं.

अंबुजाबाई बसल्या नाहीत. आजूबाजूला तमिळ चाललं होतं, तरी त्या मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "मानाजीराव, मला समजत होतं. तेव्हाही. सगळं."

मानाजीरावांनी उपरण्याचा काठ नीट केला. "साप्पाड जेवून जावं अम्मांनी," ते हेमावतीला तमिळमध्येच म्हणाले, आणि दुसऱ्या पाहुण्याकडे वळले.

केळीच्या पानावर भात निवत गेला. हेमावतीनं तीनदा रसम वाढलं, तिन्ही वेळा "माफ करा" म्हणाली. तिचा काय दोष.

तहकूब विषय

निघताना हेमावती पोचवायला उठली. मानाजीरावांनी तिला हातानं थांबवलं, कोपऱ्यातली आपली साधी वेताची काठी घेतली आणि अंबुजाबाईंच्या पुढे चालू लागले. चार पावलं अंतर. वाकलेली, लहान झालेली, पण तीच पाठ. दारात चपला शोधणारी माणसं आपोआप बाजूला झाली.

हॉलबाहेर तीन पायऱ्या होत्या. टक्.

अंबुजाबाई हलल्या नाहीत.

टक्. जरा जोरात.

"काठी काय म्हणते," अंबुजाबाई मराठीत म्हणाल्या, "मला माहीत नाही. मला ती भाषा समजत नाही."

जनकोजी मागून काही बोलणार होता, हेमावतीनं त्याचा दंड धरला. खाली संयुक्ता गाडीचं दार उघडून ताटकळत होती. पाठ तशीच उभी. मानेवरचे ओले पांढरे केस, त्यांतून उपरण्यावर उतरणारा पाण्याचा एक थेंब.

मग मानाजीराव वळले. दफेदार वळला. डोळे लाल होते, आणि चांगलेच रागावलेले.

"ऐंशी वर्षांच्या माणसाला उन्हांत उभा करतां कां?" ते म्हणाले. "हट्टी त्या हट्टीच. पायरी आहे कीं, अक्का. मधली उंच आहे. निऱ्या उचला."

अंबुजाबाईंनी निऱ्या उचलल्या. पहिली पायरी. मधली. खालची.

"पाट्टी," संयुक्तानं तमिळमध्ये विचारलं, "काय म्हणाले ते?"

अंबुजाबाईंनी मागे पाहिलं. सगळे ऐकत होते. त्यांनी स्वच्छ, सभागृहातल्या तमिळमध्ये सांगितलं :

"पायरी आहे म्हणाले. मधली उंच आहे. निऱ्या उचला म्हणाले. आणि मला अक्का म्हणाले."