अध्यक्षाच्या कानांचा दाखला

आमच्या डोंगरातल्या नारीन गावच्या कुस्तीघरात कुणाला हाक मारायची, तर फळ्यांच्या जमिनीवर पाय आपटायचा. तळव्यांना हादरा कळतो, माणूस वळतो. आम्ही सगळे बहिरे. केनेशबेक तेवढा ऐकणारा. त्याचे आईबाप बहिरे, म्हणून हातांची भाषा त्याला बाळकडूतच मिळालेली. कचेऱ्यांत तोंडाने भांडायला आम्ही त्यालाच पुढे करायचो. असं पुढे करता करता तो आमचा अध्यक्षच होऊन बसला.

आमचा संघ बहिऱ्या खेळाडूंच्या जागतिक संघटनेत गेल्याशिवाय नुरझातला परदेशात कुस्ती खेळता येणार नव्हती. मी तिला सातव्या वर्षापासून शिकवतेय. आता ती सव्वीसची आहे, गुडघा कुरकुरतोय. यंदाची स्पर्धा हुकली, तर चार वर्षांनी येणाऱ्या पुढच्या स्पर्धेपर्यंत तो काही टिकत नाही.

अर्जात एक अट होती: अध्यक्ष बहिरा असावा.

"एजे, तुम्हीच व्हा ना अध्यक्ष," नुरझातने हातांनी मला म्हटलं. इथे सगळे मला एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"निवडणुकीला दोन महिने लागतात, बाई. मुदत शुक्रवारची आहे," केनेशबेकने तिला झटकलं. "लिहू की मी बहिरा आहे म्हणून! इथे डोंगरात माझे कान बघायला कोण कडमडतंय?"

मी गप्प बसले. नुरझातकडे बघून गप्प बसले, हे कबूल करते.

त्याने पेन टेकवलं आणि जमीन दोनदा हादरली. आम्ही अकराही जण गर्रकन वळलो. मागे कोणी नव्हतं. दोनदा, मध्ये किंचित थांबून, असा पाय फक्त म्हातारा जोल्दोशबेक आपटायचा. ही जमीन त्यानेच फळी फळी ठोकून घातली होती. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याला पुरलं.

"काय झालं? सगळे तिकडे काय बघताय?" केनेशबेकला काहीच जाणवलं नव्हतं. त्याने सही ठोकली.

नवव्या दिवशी संघटनेचं उत्तर आलं. बाकी सगळं ठीक, फक्त अध्यक्षाच्या कानांच्या तपासणीचा दाखला तीन दिवसांत पाठवा.

"संपलं, एजे," नुरझात म्हणाली आणि हातातला तळलेल्या पिठाचा बोरसोक तिने तसाच बशीत ठेवला.

मी केनेशबेकला हात दुखेपर्यंत शिव्या घातल्या. एरवी एकाला चार सुनावणारा माणूस, पण तो मुकाट्याने कोट चढवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दाखला घेऊन आला. ऐकण्याच्या आलेखाची रेघ पार तळाला गेली होती: ठार बहिरा.

"कुठल्या डॉक्टरला फितवलंस?" मी विचारलं.

"कुणालाच नाही." त्याने दाखला माझ्यापुढे ठेवला. "सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारी किटली उकळून सांडली आणि मला पत्ताच नाही. आठ दिवस लपवतोय. बायको काम करताना गाते ना, एजे, तिचं नुसतं तोंड हलताना दिसतं."

बहिरेपणा ही शिक्षा, असं आम्ही मानत नाही. आमचं काही अडलेलं नाही. पण त्याचं होतं ते त्याला न विचारता कुणीतरी नेलं होतं.

"अर्ज मागे घेऊ या," तो म्हणाला. "खोटं मागे घेतलं तर परत येईल कदाचित. पाया पडतो तुमच्या."

नुरझात गुडघ्याची पट्टी आवळत खाली बघत राहिली.

मी केनेशबेककडे पाठ फिरवली आणि दाखला पाठवून दिला.

तो तेव्हा जिवाच्या आकांताने "थांबा, थांबा" ओरडत होता, असं रस्त्यापलीकडच्या दुकानदाराने मला नंतर कागदावर लिहून दाखवलं. त्या खोलीत ते ऐकणारं कोणीच उरलं नव्हतं.