गोत्रीच्या दारातली जर्मन गाडी

मी एक जुनी जर्मन गाडी आहे. माझं चामडं हातमोजे घातलेल्या कारागिरांनी शिवलं. एका कारखानदारानं मला बडोद्यात दहा वर्षं मिरवलं आणि कुरकुर सुरू होताच दलालाच्या आवारात टाकलं. तिथं मला उदयसिंहरावांनी पाहिलं आणि माझं नशीब फुटलं.

मित्रांनो, या गृहस्थांचे आजोबा संस्थानच्या बागखात्यात कारकून होते. पण हे बोलायचे असे, की जणू दरबारात पहिली खुर्ची यांचीच! "आपल्या घराण्याला जर्मन गाडीच शोभते," म्हणत त्यांनी मला मातीमोलानं घेतलं. त्यासाठी बायकोची छोटी गाडी विकली. निरुपमाबाई त्या गाडीनं रोज गोत्रीहून डभोईला शाळेत शिकवायला जायच्या.

"अहो, आता मी जाऊ कशी?"

"दसऱ्यापर्यंत बसनं जा गं. मी स्वतः हिला दुरुस्त करतो. मग राणीसारखी जा!"

छाणीच्या मिस्त्रीनं माझं बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं. "साहेब, आ हाथी घरे ना बंधाय," तो म्हणाला; म्हणजे हा हत्ती घरी बांधण्यातला नाही. ऐकतो कोण? उदयसिंहराव मोबाईलवर व्हिडिओ बघून माझे बोल्ट खोलायचे, आणि जोडून झाल्यावर दोन हातात उरायचे. "जर्मन लोकांनी जास्तीचे दिले असतील!" काय हा माणूस, शी!

इकडे बस चुकून निरुपमाबाई तीनदा उशिरा पोचल्या. मुख्याध्यापकांनी लेखी ताकीद दिली, की आणखी एकदा उशीर झाला तर परीक्षेचं काम काढून घेऊ. पंधरा वर्षं ते काम बाईंचं होतं. प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्लीसुद्धा त्यांच्याच पर्समध्ये असायची.

शेवटी दसऱ्याच्या आदल्या दिवशी उदयसिंहरावांनी त्याच मिस्त्रीला गुपचूप बोलावलं आणि मी सुरू झाले. सोसायटीत मात्र "मीच केली" म्हणून मिशांना पीळ! दसऱ्याला माझी पूजा झाली. झेंडूच्या माळा घातल्या, हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबं ठेवली. आणि अक्षता! त्या मूठमूठ घेऊन पुढच्या काचेखालच्या जाळीवर टाकल्या. अहो शहाणे, ती जाळी पाणी वाहून जायची वाट आहे! तांदूळ आत जाऊन नळीत बसले. संध्याकाळी धूळ दिसली म्हणून यांनी पाइप लावून मला न्हाऊ घातलं. तांदूळ फुगले, नळी तुंबली आणि ते सगळं पाणी माझ्या विजेच्या पेटीत शिरलं.

दुसऱ्या दिवशी सत्र परीक्षा होती. निरुपमाबाई पहाटेच तयार होऊन माझ्यात बसल्या. मी हूं की चूं केलं नाही.

"थांब, होईल आत्ता," उदयसिंहराव म्हणाले, एकदा नव्हे, दहादा. तोवर बस गेली. डभोईला मुलं वर्गात ताटकळली, कपाटाचं कुलूप फोडावं लागलं आणि बाईंचं काम गेलं.

संध्याकाळी त्या घरी आल्या, तेव्हा हे महाशय मलमलीच्या फडक्यानं माझी सीट टिपत बसले होते. "पाणी शिरलं गं बिचारीत."

बाईंनी तिथल्या तिथे मिस्त्रीला फोन लावला. "भाई, काले आवीने गाडी लई जाजो. भंगारमां." म्हणजे उद्याच मला भंगारात न्यायचं!

"अगं, मला विचारल्याशिवाय?"

"माझी विकताना मला विचारलं होतं?"

उदयसिंहरावांनी फडकं खाली ठेवलं. सकाळी मिस्त्री आला, तेव्हा माझ्या कागदांवर त्यांनी सही केली.

आता मी छाणीत पडले आहे. माझी दारं गेली, चाकं गेली. माझी कीव करू नका, मित्रांनो. गाड्या जपा, जरूर जपा, पण पाइप हातात घेण्याआधी घरातलं कोण बसमागे धावतंय ते बघा. माझ्या भंगाराच्या पैशात बाईंची छोटी गाडी काही परत आली नाही. निरुपमाबाई अजून बसनंच जातात.