बाळूचा ळू माझा होता

मी एक जुना फाँट आहे. फाँट म्हणजे संगणकातल्या अक्षरांचं एक घराणं. माझं नाव तुम्ही कधी ऐकलं नसेल; मला कुणी निवडत नाही. तुम्हाला मित्रांनो म्हणू का? बघू.

मला आखणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "दिसायला बेताचा आहे, पण याला सगळी अक्षरं येतात." ही स्तुती की टोमणा, अजून ठरवतोय.

माझं काम बदलीचं. निवडलेल्या फाँटकडे एखादं अक्षर नसलं, की संगणकाची कार्यप्रणाली मला गुपचूप बोलावते. मी नसलो तर तिथं रिकामं खोकं. मला बोलावल्याचं ती कुणालाच सांगत नाही. का? मला तिचाही संशय आहे.

तर एका फलकाची गोष्ट.

नाना आणि बाळू, दोन भाऊ, एक सायकलदुरुस्तीचं दुकान. फलक करणाऱ्या ताईंनी गुबगुबीत फाँट निवडला. 'नाना' झालं. 'बा' झाला. पुढचं अक्षर त्या गुबगुबीताकडे

□

नव्हतंच. मी धावलो, उकारासकट उभा राहिलो: ळू. बारीक, सरळ.

ताईंनी घाईत फलक छापला. तो दुकानात आला आणि बाळू बघतच राहिला.

"नाना, तू गुटगुटीत आणि मी अर्धपोटी?"

"मी काय अक्षरं तासत बसलो होतो?"

"कालच म्हणालास, दुकान मुळात तुझं."

"चहा पिताना म्हणालो रे."

"म्हणालास ना पण."

फलक भिंतीला टेकून राहिला. बाळू वेगळ्या दुकानासाठी जागा बघू लागला.

शेवटी बाळूची वहिनीच दोघांना ताईंकडे घेऊन गेली. ताईंनी त्याच गुबगुबीतात लिहून दाखवलं: शाळा, फळा, केळं. प्रत्येक ळ बारीक.

"म्हणजे राग माझ्यावर नाही," बाळू म्हणाला, तरी पडद्याजवळ जाऊन पुन्हा बघितलंच.

नाना म्हणाला, "ताई, सगळंच त्या बारक्यात करा."

"तुझंही नाव बारीक होईल," बाळू म्हणाला.

"होऊ दे. डॉक्टरांनी तसंही सांगितलंय."

ताईंनी मला शोधून काढलं. पहिल्यांदाच कुणी मला निवडलं.

मित्रांनो (आता म्हणतो), छापण्याआधी एकदा नीट वाचा. आणि एखादं अक्षर वेगळं दिसलं, तर भावाकडे बघण्याआधी पडद्याकडे बघा.

नवा फलक टांगण्याआधी बाळूनं म्हणे दोन्ही नावं टेपनं मोजली. टेपचं दुसरं टोक नानानं धरलं होतं.